मुक्काम नगर, पिंग शून्य

वीकेंड आला की पुण्यातल्या पब्लिकचे ऑप्शन्स ठरलेले असतात. लोणावळा, मुळशी, पानशेत... फारच उत्साह असेल तर कोकण. या यादीत नगरचं नाव कधी ऐकलंय? शक्यच नाही! नगर म्हणजे शिर्डीला नाहीतर शनिशिंगणापूरला जाताना चहाला थांबायचं गाव. ऑफिसमध्ये मी ‘या शनिवारी नगरला चाललेय’ असं सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘कोणाचं लग्न आहे का गं?’

लग्न नसतं. मी नगरला व्हिडिओ गेमसाठी जाते.

होय, बरोबर वाचलंत. हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये झकास ब्रॉडबँड आहे, हातात फाइव्ह-जी फोन आहे. तरी मी दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी बॅगेत लॅपटॉप, माउस आणि लॅनची वायर कोंबते आणि १२० किलोमीटर दूर जाते. कशासाठी, तर १९९९ सालच्या गेमसाठी! वेड लागलंय का, असं तुम्हाला वाटत असेल. थांबा, सांगते. यात थोडं फिजिक्स आहे, थोडा इतिहास आहे आणि बरंचसं नगर आहे.

घोड नदी ओलांडली की...

वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा पेशन्स संपतो. मग शिक्रापूर, रांजणगाव आणि शिरूर. तिथं घोड नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला, नगर जिल्हा सुरू. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. पाट्या बदलल्या, पण कंडक्टर अजून ‘चला नगर, नगर!’ असंच ओरडतो. दोन्ही नावांच्या शेवटी ‘नगर’ आहेच, त्यामुळे कोणाचंच काही अडत नाही.

सुपे मागं पडतं, मग केडगाव येतं आणि नगर सुरू होतं. सावेडीत माझी मावशी राहते. तिचा मुलगा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. आम्ही सगळी भावंडं त्याला नुसतं ‘दादा’ म्हणतो. दादाचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. त्याच्यासोबत कॉलेजपासूनचे तीन मित्र. एक जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, तो आमचा प्रोफेसर. दुसरा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्ट सांभाळतो, म्हणून तो सुप्याचा. तिसरा आधी पुण्याला आणि मग थेट जर्मनीत गेला, त्याचं नाव पडलं म्युनिकवाला. ही चौकडी वर्षातून एकदा मावशीच्या वरच्या खोलीत जमते आणि ‘क्वेक थ्री अरीना’ खेळते.

मी त्यांची कायमची प्रेक्षक. फराळाचं ताट वर न्यायचं, स्टुलावर बसायचं आणि बघायचं. गेल्या दिवाळीपर्यंत हेच चालू होतं.

थांबला तो संपला

ज्यांनी क्वेक पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी शॉर्टमध्ये सांगते. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीनं १९९३ मध्ये ‘डूम’ आणला, १९९६ मध्ये ‘क्वेक’ आणि डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक थ्री अरीना’. जॉन कार्मॅक हा त्यामागचा प्रोग्रॅमर. या तिसऱ्या भागात धड गोष्टच नाही. मिशन नाही, राजकन्या नाही, व्हिलन नाही. एक बंदिस्त आखाडा, त्यात चार-सहा माणसं, आणि ठरलेल्या वेळात सगळ्यात जास्त जणांना टिपेल तो जिंकला. मेलात? काही हरकत नाही, पुढच्याच सेकंदाला दुसऱ्या कोपऱ्यात जिवंत होऊन परत धावायला लागा!

आजच्या पब्जीछाप गेममध्ये अर्धा वेळ गवतात लोळण्यात आणि बॅगा भरण्यात जातो. क्वेकमध्ये गवतच नाही. इथं माणूस सतत पळत असतो, उड्या मारत असतो. उडी मारता मारता माउस तिरका वळवत राहिलात तर वेग वाढत जातो, त्याला म्हणतात स्ट्रेफ जंपिंग. पायाशी रॉकेट मारून स्वतःलाच वर उडवायचं, तो रॉकेट जंप. त्यात आपलाच जीव थोडा कमी होतो, पण वरच्या मजल्यावर सगळ्यात आधी पोचता येतं. आपल्याकडची म्हण या गेमला तंतोतंत लागू पडते. थांबला तो संपला!

पण नुसतं पळून भागत नाही, आणि खरी गंमत इथंच आहे. आखाड्यात ठरावीक जागी ठरावीक वस्तू पडलेल्या असतात. लाल चिलखत, म्हणजे ‘रेड आर्मर’, कोणी उचललं की बरोबर २५ सेकंदांनी तिथंच परत येतं. मेगाहेल्थला ३५ सेकंद लागतात. मारा तिप्पट करणारं क्वाड डॅमेज दोन मिनिटांनी येतं (नाव क्वाड, पण या भागात काम तिपटीचं!). कसलेला खेळाडू लढताना मनात हे आकडे मोजत असतो. समोरच्याला वाटतं, हा योगायोगानं इथं आला. योगायोग कसला, तो २४व्या सेकंदाला तिथं हजर झालेला असतो.

आणि यातलं काही साठवून ठेवता येत नाही. तब्येत किंवा चिलखत शंभराच्या वर गेलं, की सेकंदाला एक पॉइंट आपोआप गळत जातो. कोपऱ्यात दडून बसलात तर कमाई वाहून जाणार. म्हणून बाहेर पडा, मोजा, पळा.

लाइट गेली, चार उरले

मी पहिल्यांदा हा गेम पाहिला तो २००५ च्या मे महिन्यात, सुट्टीत मावशीकडे आले होते तेव्हा. वय वर्षं दहा. दादा मला सायकलवर डबलसीट घेऊन दिल्ली गेटजवळच्या एका सायबर कॅफेत गेला होता. जिन्याखालची खोली, दहा-बारा मशीन, प्रत्येकाला प्लायवूडचं पार्टिशन, आणि एका कोपऱ्यात उदबत्ती लावलेला गणपती. इंटरनेट इतकं स्लो, की एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

पण त्याच खोलीत एक गोष्ट सुसाट होती, ती म्हणजे मशीनमशीनला जोडणारी वायर. बाहेरच्या जगाशी कनेक्शन रडत-खडत चालायचं, मात्र शेजारच्या मशीनपर्यंत पोचायला हजाराव्या भागाइतका सेकंद पुरायचा. त्यामुळे कॅफेत येणारी पोरं इंटरनेटच्या नादी लागायचीच नाहीत. क्वेक, अनरिअल टूर्नामेंट आणि काउंटर स्ट्राइक. बस्स.

त्या काळातलं लोडशेडिंग आठवतंय? महाराष्ट्रात वीज कमी पडत होती आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या गावांचे तासन् तास अंधारात जायचे. कॅफेत लाइट गेली की एकदम सगळे यूपीएस टीं टीं करायला लागायचे. मालकाच्या इन्व्हर्टरवर चारच मशीन चालायच्या. बाकीची पोरं उठून बाहेर कट्ट्यावर जायची आणि ज्यांच्याकडे त्या चार खुर्च्या असतील, ते खेळत राहायचे. पंखा बंद, खोलीत उकाडा, अंधारात चार पडद्यांचा निळा उजेड. दादा आणि त्याचे तीन मित्र लाइट जायची वेळ बघून कॅफेत यायचे आणि नेमके त्या चार मशीनवर बसायचे. त्यांची दोस्ती इन्व्हर्टरवर चार्ज झालेली आहे, असं मावशी आजही म्हणते!

कॅफे यथावकाश बंद झाला. पोरांच्या खिशात फोन आले, घरोघरी ब्रॉडबँड आलं, तासाला पंधरा रुपये कोण देणार? गेमही जुना झाला होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं क्वेक थ्रीचा सोर्स कोड सगळ्यांना मोफत खुला केला आणि त्यातून ‘ओपन अरीना’सारखे फुकट खेळता येणारे गेम निघाले. दादानं कॅफेच्या मालकाकडून पिक्चर ट्यूबचे दोन मॉनिटर आणि एक नेटवर्क स्विच विकत घेतला. ते अजून मावशीच्या वरच्या खोलीत आहेत आणि ठणठणीत चालतात.

एका माणसाची रुंदी

तुम्ही म्हणाल, आता तर नेट भन्नाट झालंय. घरबसल्या का नाही खेळत?

म्युनिकवाल्यानं हेच विचारलं. त्याला गेल्या दिवाळीत रजा मिळाली नाही. ‘मी इकडून ऑनलाइन येतो, त्यात काय!’ असं तो म्हणाला. दिवाळीच्या दोन आठवडे आधी चौघांनी ट्रायल घेतली. दादाच्या मशीनवर सर्व्हर, दोघं नगर जिल्ह्यातून आणि एक म्युनिकहून. पंधरा मिनिटांत ट्रायल बंद!

कारण पिंग. पिंग म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. म्युनिकचा पिंग दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास येत होता. दीडशे मिलिसेकंद म्हणजे किती? पापणी लवते त्याच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपला, व्हिडिओ कॉलला, पिक्चर बघायला काही फरक पडत नाही. पण क्वेकचा हिशोब वेगळा आहे. त्यातला माणूस साधा पळतो तेव्हा सेकंदाला ३२० युनिट अंतर कापतो आणि त्याची रुंदी आहे ३० युनिट. म्हणजे शंभर मिलिसेकंदांत तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकतो. दीडशेत दीडपटीनं. म्युनिकवाल्याला पडद्यावर दादा दिसत होता, तो बरोबर दादावर नेम धरत होता, गोळीही बरोबर सुटत होती. फक्त दादा तिथं नव्हता. तो दीड माणूस पुढं निघून गेला होता. मूळ गेममध्ये हा उशीर भरून काढायची सोय नाही. तुम्ही दूर आहात ना, मग तुमचं तुम्ही बघा!

यावर कुठल्याही कंपनीचा कुठलाही प्लॅन चालत नाही. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नगर ते म्युनिक सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन झाले तेरा हजार. सगळं आदर्श असलं, वाटेत एकही वळण नसलं, तरी ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारा समुद्राखालून वळसे घेत जातात, म्हणून दीडशे. डायल-अपच्या जमान्यात मुळात लाइनच स्लो होती. आता लाइन सुसाट आहे आणि उरलंय ते निव्वळ अंतर. ते कमी करायचा एकच उपाय, उठा आणि या.

आता चलाख वाचक लगेच पकडतील, की पुणे-नगर तर फक्त १२० किलोमीटर! तिथं पिंग वीस-पंचवीसच्या वर जात नाही, मग तू कशाला जातेस? मुद्दा बरोबर आहे. पुण्याहून खेळता येतं, मी खेळलेसुद्धा. पण शेजारच्या खुर्चीवरून कोणी ‘अय्यो!’ ओरडत नाही. आपण कोणाला उडवलं की त्याचं तोंड बघता येत नाही. मावशीची चकली तर कुठल्याच केबलमधून येत नाही.

किल्ला, कॅम्प आणि रणगाडे

गेम संध्याकाळी असतो. दिवसभर दादा मला गाव फिरवतो आणि फिरवता फिरवता शिकवतो.

आमचा पहिला स्टॉप भुईकोट किल्ला. नगरचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. गोल आकार, भोवती खंदक, परीघ जवळजवळ १.७ किलोमीटर. अहमद निजामशहानं १४९० मध्ये बहमनी फौजेला या परिसरात हरवलं आणि पुढं इथं शहर वसवलं. आज दिसतो तो दगडी तट सोळाव्या शतकाच्या मध्यावर हुसेन निजामशहानं बांधला. १५९५ च्या शेवटी मुघलांची फौज शहजादा मुरादबरोबर इथं येऊन बसली. त्यांनी तटाखाली सुरुंग पेरले आणि एका ठिकाणी भिंत उडवली. चांदबिबीनं रातोरात ते भगदाड बुजवून घेतलं. शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. चार वर्षांनी मुघल परत आले, तेव्हा तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला पडला.

‘बघ,’ तटाकडे हात करत दादा म्हणाला, ‘किल्ल्यात बसलेल्याला वाटतं आपण सेफ आहोत. पण दाणागोटा रोज कमी होत असतो. तुझं दीडशेचं आर्मर असंच गळतं.’

शेजारीच भिंगार, म्हणजे नगरचं कॅम्प. गेममध्ये कोपऱ्यात दबा धरून बसण्याला कॅम्प करणं म्हणतात. त्यामुळे प्रोफेसर लपून बसला की बाकीचे ‘काय, भिंगारला का?’ असं ओरडतात. हा जोक वीस वर्षांचा आहे आणि अजून चालतो.

किल्ल्यात ती खोल्यांची रांगही आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’नंतर काँग्रेसच्या बारा नेत्यांना इथं आणून ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव... नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं, १९४४ मध्ये पाचेक महिन्यांत. हे शाळेत सगळेच शिकतात. पण मला आझादांची गोष्ट जास्त लागते. ते इथून एका मित्राला पत्रं लिहायचे आणि ती पोस्टात पडायची नाहीत. सुटकेनंतर १९४६ मध्ये त्या पत्रांचं पुस्तक निघालं, ‘गुबार-ए-खातिर’. ते या भिंतींच्या आत असतानाच १९४३ मध्ये तिकडे कलकत्त्यात त्यांच्या पत्नी वारल्या. मी त्या खोलीच्या दारात उभी होते आणि मनात नुसता हिशोब चालू होता. मित्राला लिहिलेलं पत्र पोचायला काही वर्षं. आणि आम्ही दीडशे मिलिसेकंदांसाठी कुरकुरत होतो.

तिथून आम्ही रणगाड्यांकडे निघालो. सोलापूर रस्त्याला फराहबागेजवळ लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. नगर हे भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या पुढाकारानं हे म्युझियम सुरू झालं. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी, सेंच्युरियन, भारतात बनलेला विजयंता, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन... उघड्यावर, झाडांखाली ओळीनं उभे असलेले हे अजस्र प्राणी बघताना सॉलिड मजा येते. बच्चेकंपनी तर वेडीच होते.

दादा पॅटनच्या सावलीत उभा राहून म्हणाला, ‘हा जड होता, दांडगा होता. तरी पकडला गेला ना?’ मग त्यानं भातोडीची गोष्ट काढली. शहरापासून थोडं लांब, नगर तालुक्यातच भातोडी हे गाव आहे. तिथं १६२४ मध्ये मलिक अंबरनं मुघल आणि आदिलशाही अशा दोन मोठ्या फौजांना एकदम धूळ चारली. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी या लढाईत पडले. अंबरनं भातोडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला, असं सांगतात. त्याच्या हलक्या घोडदळाला तिथली वाट न् वाट पाठ होती. समोरच्यांकडे माणसं जास्त होती, सामान जास्त होतं.

‘म्हणजे मॅप पाठ पाहिजे,’ मी म्हणाले.

‘मॅप पाठ पाहिजे,’ दादा म्हणाला. ‘आज खेळणारेस तू. एक खुर्ची रिकामी आहे.’

चौथी खुर्ची

संध्याकाळी सात. खाली मावशी आणि काका टीव्हीसमोर, वर आम्ही चौघं. स्विचचे हिरवे दिवे लुकलुकले, चारी नावांपुढं पिंगचे आकडे आले. सगळे एकआकडी. म्युनिकवाल्याची खुर्ची माझी. त्याचा माउसपॅडही माझा, एका बाजूनं झिजून पांढरा पडलेला.

पहिल्या तीन मॅचमध्ये माझं जे व्हायचं तेच झालं. पहिलीत मी चार, दादा तीस. दुसरीत सहा. अंतराळात तरंगणाऱ्या ‘द लाँगेस्ट यार्ड’ या मॅपवर तर मी निम्मा वेळ खाली पोकळीत पडत होते. वीस वर्षं बघत होते, तरी डोळ्यांना येणारं हातांना येत नाही.

तेवढ्यात म्युनिकवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती, त्याच्या खिडकीबाहेर करडं आभाळ. सगळ्यांनी ‘हॅपी दिवाली’ केलं, चकली दाखवून जळवलं. फोन ठेवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, ‘ठेवू नका. मला तिच्या स्पीकरजवळ ठेवा. बोलत नाही मी, नुसतं ऐकतो.’

मी फोन स्पीकरला टेकवून उभा केला आणि आम्ही ‘द कॅम्पिंग ग्राउंड्स’ लावला. हा त्यांचा कॅफेपासूनचा आवडता मॅप. मिनिटभर फोन गप्प होता. मग कुठूनतरी लाल चिलखत उचलल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर थोड्या वेळानं फोनमधून शांतपणे आलं, ‘पंधरा सेकंद. खालून ये.’

मला कळेचना. ‘दहा. डावीकडचा जिना. पाच. आता वर.’

मी वर पोचले आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल चिलखत अवतरलं. समोरून दादा येत होता, नेहमीच्या रुबाबात, नेहमीच्या वेळेला. पहिल्यांदाच त्याच्या आधी कोणीतरी तिथं होतं. मी चिलखत उचललं आणि रॉकेट सोडलं.

‘ए! हे चीटिंग आहे!’ दादा खुर्चीतून अर्धा उठला. प्रोफेसर हसून हसून टेबलावर आडवा. फोनमधून अर्ध्या सेकंदानं हसण्याचा आवाज आला.

तो साडेसहा हजार किलोमीटरवर बसून, पडदा न बघता, नुसत्या आवाजांवरून मोजत होता. नेम धरायला त्याला उशीर होत होता. पण पंचवीस सेकंद मोजायला दीडशे मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? कॉलला होणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर धरून तो आकडा जरासा आधीच म्हणायचा. त्याच्या डोक्यात तो सगळा मॅप जसाच्या तसा होता, कॅफेतल्या अंधारासकट.

ती मॅच दादानंच जिंकली. तीस फ्रॅग. प्रोफेसर बावीस, मी एकोणीस, सुप्याचा सतरा. सुप्याच्यानं पुढचे दोन तास ‘मी पोरीकडून नाही, म्युनिककडून हरलो’ हे सगळ्यांना पटवायचा प्रयत्न केला. कोणीच पटवून घेतलं नाही.

जेवताना मावशीनं नेहमीचा विषय काढला. ‘याला सांग जरा, पुण्याला चांगल्या नोकऱ्या आहेत. सगळे गेले, हा एकटाच इथं स्क्रू फिरवत बसलाय.’ दादानं भाकरी मोडत सांगितलं, ‘सगळेच गेलो तर दिवाळीत यायचं कोणाकडं?’ मावशी काही बोलली नाही. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

थांबला तो संपला, हे मी इतकी वर्षं खरं मानत आले. गेममध्ये ते खरंच आहे. पण आखाड्यात पळणारे चौघं एका खोलीत यावेत, म्हणून ती खोली कोणीतरी जागेवर ठेवावी लागते. स्विच पुसून ठेवावा लागतो, पिक्चर ट्यूब अधूनमधून चालू करून बघावी लागते. ते काम दादा करतो. आमच्या सगळ्यांचा सर्व्हर नगरला आहे.

जायचंय? मग हे वाचा!

कसे जाल : पुण्याहून एसटी भरपूर आहेत, स्वतःची गाडी असेल तर साधारण तीन तास. वाघोली-शिक्रापूरचं ट्रॅफिक टाळायला सकाळी लवकर निघा.

काय बघाल : भुईकोट किल्ला आणि टँक म्युझियम, दोन्ही लष्कराच्या अखत्यारीत. ओळखपत्र सोबत ठेवा आणि वेळा आधी विचारून घ्या. पाथर्डी रस्त्याला डोंगरावर दिसणारी अष्टकोनी इमारत म्हणजे चांदबिबीचा महाल, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. वरून अख्खं नगर दिसतं. इतिहासाचा किडा असेल तर भातोडीलाही जाऊन या.

काय खेळाल : ‘क्वेक थ्री अरीना’ स्टीमवर विकत मिळतो. फुकट हवा असेल तर ‘ओपन अरीना’ किंवा ‘झोनॉटिक’ घ्या. दोन्ही साध्या ऑफिस लॅपटॉपवरही मजेत चालतात. पाच पोर्टचा एक स्वस्तातला स्विच आणि चार वायर घेतल्या की आखाडा तयार. वाय-फायवर खेळू नका, वायरच लावा.

कोणाबरोबर : तुमच्याही गावात, तुमच्याही टोळीत कोणीतरी मागं राहिलेलं असेलच. त्याला फोन करा. स्विच बहुतेक त्याच्याकडेच असेल.